करून पाहिलंत का?

तुमच्या ओळखीत एक बॅकअपराव असणारच. नसतील तर सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. अध्यक्ष 'विषय संपला' म्हणतात त्या क्षणी जो हात वर होतो, तो त्यांचा. आमचे बॅकअपराव डोंबिवलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाची वेबसाइट सांभाळतात. साइटवर सहलीच्या सूचना, सभासदांचे वाढदिवस, कुणीच न छापलेल्या कविता आणि श्रद्धांजलीचं एक पान. ती फोडायला जगातला कुठलाही हॅकर रात्र जागवणार नाही. बॅकअपराव जागवतात.

कारण तांत्रिक आहे. साइट वर्डप्रेसवर आहे आणि वर्डप्रेसचं घड्याळ आपण होऊन चालत नाही. कुणी साइट उघडली की ते जागं होतं आणि नेमून दिलेली कामं उरकतं. बॅकअपची वेळ लावलीय रात्री दोनची. दोनचीच का? तर म्हणे, तेव्हा साइटवर गर्दी नसते! गर्दी तिथे दुपारी दोनलाही नसते. त्यामुळे बॅकअपराव रोज रात्री उठतात, मोबाइलवर स्वतःच साइट उघडतात, काम सुरू झालं की पाणी पितात आणि झोपतात. माझ्या भाच्यानं सुचवलं, "काका, होस्टिंगच्या सर्व्हरवर क्रॉन लावा. वेळ झाली की तोच साइटला हाक मारेल."

"मारतो का हाक? तू दोनला उठून पाहिलंयस?"

भाचा गप्प.

हा प्रश्न ते जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल विचारू शकतात. शेजारच्या वहिनी कौतुकानं म्हणाल्या, जादा किल्ली समोरच्यांकडे ठेवलीय. "लावून पाहिलीत का?" लावली, तर ती जुन्या कुलपाची निघाली. तेव्हापासून वहिनी त्यांना पाहिलं की जिना बदलतात. मे महिन्यात ते छत्री उघडून पाहतात, नव्या गाडीची स्टेपनी बसवून पाहायला लावतात. पुतणीच्या लग्नात हॉलच्या मॅनेजरनं जनरेटर असल्याचं सांगितलं, तर या गृहस्थांनी ऐन मंगलाष्टकांत मेन स्विच बंद केला. जनरेटर लागला नाही. नवरा-नवरीनं अंधारातच एकमेकांना हार घातले आणि बॅकअपराव स्टेजखालून विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा!"

साइटच्या सेटिंगमध्ये त्यांचा हात कुणी धरू नये. डेटाबेस रोज, फोटो आणि बाकी फाइल्स आठवड्याला. जुन्या प्रती किती ठेवायच्या तो आकडा ते दर बैठकीत वाढवून मागतात. एक प्रत गूगल ड्राइव्हवर, एक घरच्या हार्ड डिस्कवर. साताऱ्याच्या बहिणीकडे दिवाळीला जाताना चिवड्याच्या डब्याबरोबर पेन ड्राइव्ह जातो. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत परगावी, हा त्यांचा नियम. एकाच जागी का नाही ठेवायच्या, असं विचारण्याची चूक करू नका. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि बॅकअपही तिथेच ठेवलेल्या काही ग्राहकांचं दोन्ही गेलं, हे तुम्हाला तपशीलवार ऐकावं लागेल.

आणि मग गिटलॅब कंपनीचं आख्यान. 31 जानेवारी 2017. रात्री उशिरापर्यंत खपणाऱ्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे 300 जीबी साफ. "पाच-पाच सोयी होत्या हो!" इथे बॅकअपराव पाची बोटं नाचवतात. ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा आणि त्याची प्रत काढणारं साधन 9.2 चं, त्यामुळे प्रती निघतच नव्हत्या. निघत नाहीत हे सांगणाऱ्या ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. अखेर कुणीतरी चाचणीसाठी सहा तास आधी सहज काढलेली प्रत कामाला आली. "कारण रिस्टोअर कुणी करूनच पाहिलं नव्हतं!" एवढं म्हणून ते असे टेकून बसतात, जणू कॅलिफोर्नियाची ती कंपनी यांचा सल्ला न घेतल्यामुळेच अडचणीत आली.

31 मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. बाकीचे लोक त्या दिवशी हिशेब मिटवण्यात गर्क असतात. हे पेढे वाटतात.

या माणसाबद्दल चांगलं लिहायला माझा हात जड होतो, पण गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी. साइटला नवं रूप देताना एका उत्साही स्वयंसेवकानं जुनी पानं उडवली. त्यात कोजागरीच्या कार्यक्रमातलं एका सभासदांचं कवितावाचनही गेलं. ते गृहस्थ पावसाळ्यात वारले आणि त्यांच्या पत्नी संघात आल्या. म्हणाल्या, "यांचा आवाज घरात कुठेच नाही हो." कार्यकारिणी एकमेकांकडे बघत बसली. बॅकअपराव घरी जाऊन पेन ड्राइव्ह घेऊन आले आणि त्यांच्या हातात देत म्हणाले, "पूर्ण वाजतं, वहिनी. शेवटपर्यंत ऐकून पाहिलंय."

त्या बैठकीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना उलटा प्रश्न केला. साइटच्या प्रती तीन, पण तुम्ही एकच. पासवर्ड कुणाकडे आहेत? तुमच्यानंतर कोण? बॅकअपराव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच सहायक नेमण्याचा ठराव मांडला आणि तो एकमतानं मंजूर झाला. जागा अजून रिकामी आहे. डोंबिवलीत कुणाला रस असेल तर कळवा. मानधन नाही, चहा मिळेल, आणि रात्री दोनला खरंच उठता का, हे ते फोन करून पाहणार आहेत.