डॅशबोर्डावरचा नंदादीप

२०२१ साली एका जाहिरातीत राहुल द्रविडने बंगळुरातल्या आमच्या इंदिरानगरचं नाव देशभर गाजवलं. ट्रॅफिकमध्ये अडकून डोकं फिरलेला द्रविड बॅट उगारतो, गाडीचा आरसा फोडतो आणि वर स्वतःला इंदिरानगरचा गुंडा म्हणवून घेतो. इंदूरला मराठी घरात जन्मलेल्या, आयुष्यभर ऑफस्टंपबाहेरचे चेंडू सोडून देणाऱ्या या माणसावर अशी वेळ आली म्हणून लोक हसले. मला मात्र त्या आरशाची काळजी लागली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, बासष्टाव्या नियमाखाली, गाडी धडधाकट आहे की नाही हे ठरवताना काय काय तपासायचं याची यादी दिली आहे. ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, वायपर, हेडलाइट, सायलेन्सर, आणि हो, आरसासुद्धा. म्हणजे द्रविडने एका फटक्यात गाडी नापास केली!

पण घाबरायचं कारण नाही. गाडी पांढऱ्या पाटीची असेल तर नोंदणीनंतर पंधरा वर्षं तिला सरकार ‘बरी आहेस ना’ असंही विचारत नाही. ही तपासणी पिवळ्या पाटीवाल्यांसाठी. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी हजेरी लावावी लागते. महाराष्ट्रात याला ‘पासिंग’ म्हणतात, बंगळुरात ‘एफसी’. आमच्यासारख्या नोकरदारांच्या गाड्या सोळाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत स्वतःच्या शब्दावर चालतात. त्यानंतर पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते, आणि तिची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली. फी वाढली की गाडीची प्रकृती आपोआप सुधारते, असं दिल्लीतल्या तज्ज्ञांचं निदान असावं.

तर या पंधरा वर्षांत गाडीची चौकशी करतं कोण? फक्त तिचा डॅशबोर्ड. किल्ली फिरवली की सगळे दिवे एकदम लागतात, क्षणभर हजेरी देतात आणि विझतात. एखादा मागे राहतो. लाल राहिला तर ऑइल, ब्रेक, बॅटरी किंवा इंजिनाची उष्णता यांपैकी काहीतरी हातघाईवर आलेलं असतं. गाडी बाजूला घ्यायची. पिवळा राहिला तर लवकर दाखवून घ्यायचं. हे सगळं मालकाला दिलेल्या पुस्तिकेत आहे. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. ग्लोव्ह बॉक्स शोरूममधून गाडी आणली त्या दिवशी पेढे ठेवायला उघडला होता.

आमच्या इंदिरानगरात पिवळा इंजिनाचा दिवा हा बिघाड मानला जात नाही. तो देवघरातला नंदादीप आहे. कधी लागला ते घरात कुणाला आठवत नाही, आणि तो विझला तर काहीतरी अशुभ घडेल अशी सर्वांची श्रद्धा आहे. शेजारच्या सीटवर बसलेल्या पाहुण्याने विचारलंच, “हा कसला दिवा हो?” तर मालक प्रसन्नपणे म्हणतो, “तो असतोच.”

गॅरेजमध्ये गेलात तर तिथेही हीच आध्यात्मिक भूमिका. मेकॅनिक बॉनेट न उघडताच म्हणतो, “सेन्सर प्रॉब्लेम सार, एनू आगल्ला.” काही होत नाही. चारशे किलोमीटर चालवा, आठशे चालवा, एनू आगल्ला. मग थोडा आग्रह केला की तो लॅपटॉप लावतो, गाडीच्या पोटातला कोड पुसतो आणि दिवा विझतो. गाडी तीच, बिघाड तोच, फक्त तक्रार करणारा गप्प. आमच्या भागात आयटीवाले जास्त, त्यामुळे हे पुण्यकर्म बरेचजण घरीच करतात. ऑनलाइन मागवलेलं बोटभर यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत लावायचं, मोबाइल जोडायचा, ‘क्लिअर’ दाबायचं. रोज सकाळी पूजा आटोपली की हे. ऑफिसात दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधला एरर असा दाबून टाकला असता तर याच गृहस्थांनी त्याचा दीड तास रिव्ह्यू घेतला असता.

साहेबाच्या देशात हे जमत नाही. ब्रिटनमध्ये १९६० पासून एमओटी नावाची तपासणी आहे आणि गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी द्यावी लागते. मे २०१८ पासून तर इंजिनाचा दिवा पेटलेला दिसला की गाडी थेट नापास. एबीएसचा, एअरबॅगचा दिवाही तसाच. बरं, दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून न्यावं, तर तपासनीस किल्ली फिरवल्यावर तो दिवा लागतो का हेही बघतो! आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्री कोड पुसून गेलं तर यंत्र ओळखतं की या गाडीची स्मृती नुकतीच गेली आहे. आठवडाभर चालवा मग या, म्हणतं. इतक्या संशयी समाजात माणसं राहतात कशी?

आपल्याकडेही वार्षिक परीक्षा आहे, नाही असं नाही. महाराष्ट्रातली पीयूसी, इथली ‘एमिशन टेस्ट’. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक जुनी ओम्नी उभी असते, तिच्या पोटात संगणक. मुलगा वायरला बांधलेला कॅमेरा घेऊन येतो आणि सर्वप्रथम फडक्याने नंबरप्लेट पुसतो. अख्ख्या तपासणीत गाडीची झालेली ही एकमेव दुरुस्ती. “स्वल्प मागे सार, नंबर दिसत नाही.” नंबर दिसला, फोटो निघाला, नळी धुराड्यात गेली, कागद बाहेर आला. त्याच वेळी डॅशबोर्डावर तीन दिवे उजळलेले असू शकतात. ते बघणं त्याच्या कामात बसत नाही. त्याचा विषय धूर. हा कागद जवळ नसेल तर २०१९ च्या सुधारित कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड. पेटलेल्या दिव्याला दंड किती? शून्य. मग सुज्ञ माणूस कशाची काळजी घेईल?

शिवाय तुमची पाटी एमएच-०९ किंवा एमएच-१२ ची असेल तर शंभर फुटी रस्त्यावर तुमच्या डॅशबोर्डात कुणाला रसच नसतो. कर्नाटकचा टॅक्स भरला का, बारा महिन्यांच्या वर झाले का, एनओसी आणली का? ब्रेक लागतात का हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. तो पुढच्या गाडीच्या डिकीवर सोडलेला आहे.

पिवळ्या पाटीवाल्यांना तरी तपासणीचा लाभ होतो म्हणावं, तर तिथेही उसन्या टायरवर पास झालेल्या गाड्यांचे किस्से प्रत्येक आरटीओबाहेरच्या चहावाल्याला तोंडपाठ. ब्रेक बघायला २५० मीटरचा ट्रॅक हवा, हे महाराष्ट्रातल्या आरटीओंना मुंबई उच्च न्यायालयाने सांगावं लागलं. तोवर ब्रेक बहुधा चेहरा बघून कळत असावेत. आता माणसाऐवजी यंत्राने तपासायचं, स्वयंचलित केंद्रं उभारायची असं ठरलं आहे. जड वाहनांसाठी त्याची सक्ती एप्रिल २०२३ पासून होणार होती, ती ऑक्टोबर २०२४ वर गेली. सक्तीलाच ब्रेक चांगले लागतात असं दिसतंय.

आता आमच्या दाजींची हकीकत. दाजी म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, मूळचे गडहिंग्लजचे. गाडी डिझेलची, बीएस-सहा. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी एक गाळणी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला साधारण साठच्या वेगाने सलग पंधरा-वीस मिनिटं गाडी पळवावी लागते. दाजी इंदिरानगरातून मारथहळ्ळीला ऑफिसला जातात. टॉमटॉम या नकाशा कंपनीने २०२२ साली मोजलं तेव्हा बंगळुराच्या मध्यवस्तीत दहा किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं १० सेकंद लागत होती. म्हणजे ताशी वीस. साठचा आकडा दाजींना फक्त स्पीडोमीटरवर छापलेला ठाऊक. व्हायचं तेच झालं, गाळणी तुंबली, दिवा लागला.

त्याच आठवड्यात एमिशन टेस्टची मुदत संपत होती. दाजी धास्तावून ओम्नीपाशी गेले. मुलगा म्हणाला, “रेस माडी सार.” दाजींनी पाय दाबला. आकडे झकास आले! गाळणी काजळी सोडतच नव्हती, तर धूर येणार कुठून? दिव्यासकट गाडी पास.

सर्व्हिस सेंटरवाला मात्र म्हणाला, “हायवेला नेऊन आणा, नाहीतर गाळणी बदलावी लागेल,” आणि किंमत सांगितली. दाजींनी ती ऐकून तिथल्याच सोफ्यावर बसून पाणी मागितलं. मग घरी फोन केला, “बॅगा भर, कोल्हापूरला जाऊ.”

शनिवारी पहाटे चारला निघाले. नेलमंगलचा टोल ओलांडून गाडी साठावर, मग ऐंशीवर गेली आणि दाबसपेटच्या अलीकडेच दिवा विझला. तुमकूरसुद्धा यायचं होतं. दाजींचा पाय लगेच ॲक्सिलरेटरवरून सुटला. “झालं काम. यू टर्न घेतो.”

“घेऊन बघा,” बहीण म्हणाली.

पुढचे साडेपाचशे किलोमीटर दाजींनी निमूट गाडी चालवली. अंबाबाईचं दर्शन झालं, तांबडा-पांढरा झाला, गूळ, चटणी आणि दोन जोड चपला डिकीत आल्या. गाळणी बदलली असती तर किती गेले असते आणि आता किती गेले, हा हिशेब दाजी अजून मांडताहेत. बहिणीने ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समधून काढून घरी आणली आहे आणि रात्री चष्मा लावून वाचत बसते. परवा मला विचारत होती, “दादा, गोव्याला जायचं असेल तर कुठला दिवा लागावा लागतो रे?”