नाना आणि १.१ मिलीमीटर

नानांनी अजून पिस्तूल घेतलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर शेवटी कुठेतरी बार उडेल या आशेवर वाचक ताटकळायचा आणि शिव्या मला खाव्या लागायच्या.

आमची रेंज म्हणजे कोथरूडच्या बाजूला एका जुन्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल. मुहूर्ताच्या दिवशी खाली अक्षता पडतात, वर छर्रे. दहा लेन, प्रत्येकीसमोर दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, त्यामागे छर्रा अडवणारी लोखंडी पेटी, आणि मागच्या भिंतीला लागून पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातली पंख्याखालची नानांची. इथे शिकणाऱ्यांत नानांचं कुणीही नाही. ते पिस्तूल निवडायला येतात. असे नाना प्रत्येक रेंजवर एक तरी असतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे सर, एवढाच फरक.

नाना एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले. आपल्या सहीचं एकही कर्ज बुडालं नाही, हे ते अभिमानाने सांगतात. जुने सहकारी त्यावर एवढंच म्हणतात, की दिलं असतं तर बुडालं असतं. तीच छाननी आता पिस्तुलांच्या वाट्याला आली आहे. ऑस्ट्रियाची स्टायर, स्वित्झर्लंडची मोरिनी, इटलीची पार्दिनी, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ. प्रत्येकीला नानांच्या लांबड्या वहीत स्वतंत्र पान आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तांबड्या शाईत एकच शेरा आहे : ‘त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.’

मूळ घोळ कॅलिबरचा. हौशी नेमबाजाला छोट्या कॅलिबरच्या पिस्तुलांत पर्याय दोनच. एक, दहा मीटरवरचं एअर पिस्तूल, ४.५ मिलीमीटरचं, ज्याला रेंजवर ‘वन सेव्हन सेव्हन’ म्हणतात. दुसरं, पंचवीस मीटरवरचं ‘पॉइंट टू टू’, ५.६ मिलीमीटरचं, खरी काडतुसं उडवणारं. दोहोंत फरक १.१ मिलीमीटरचा. तेवढ्या फटीत नानांची निवृत्तीनंतरची सगळी वर्षं मावली आहेत.

वास्तविक प्रश्न अवघड नाही. पॉइंट टू टूला परवाना हवा, परवान्यासाठी पोलिसांची चौकशी, घरी कुलूपबंद कपाट, काडतुसांचा हिशेब, आणि पंचवीस मीटरची रेंज काही कार्यालयाच्या हॉलमध्ये मावत नाही, म्हणजे बालेवाडी गाठा. हवेच्या पिस्तुलाला यातलं काही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचांपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची ताकद पाच-सहा ज्यूलच्या आसपास असते. छर्रे स्वस्त, आवाज बेताचा. नवशिक्याने एअर पिस्तूलच घ्यावं, हे नानांनाही मान्य आहे. ‘पण राही सरनोबतचं काय?’ असं म्हणून ते बोट वर करतात. कोल्हापूरच्या राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते पंचवीस मीटरला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ‘उद्या मला तिकडे वळावंसं वाटलं तर हे दोन लाख पाण्यात!’ नानांना तेव्हा चौसष्ट पूर्ण झाली होती.

परवाना लागत नाही हे कळल्यावर दुसरा कुणी सुटलो म्हणाला असता. नाना थेट पोलीस चौकीत गेले आणि ‘परवाना लागत नाही’ असं लेखी मागू लागले. चौकीतल्या हवालदाराने आधी कुणाला मारायचंय ते विचारलं. ‘कागदाला,’ नाना म्हणाले. हवालदाराने त्यांना चहा पाजला आणि समजावलं, ‘काका, जे लागतं त्याचे फॉर्म आहेत. जे लागत नाही ते लागत नाही असं लिहून द्यायचा फॉर्म सरकारने अजून काढलेला नाही.’ नानांनी परत येऊन वहीत नोंद केली : ‘तोंडी उत्तर. ग्राह्य नाही.’

मग ट्रिगर. मेकॅनिकल घ्यावा की इलेक्ट्रॉनिक? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर लोण्यासारखा सुटतो, पण त्यात बॅटरी असते, आणि सरकारी नोकरीत यंत्रांचा अनुभव असलेला माणूस बॅटरीवर भरवसा ठेवत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच रात्री नानांनी इलेक्ट्रॉनिकच्या पानावर आडवी रेघ मारली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये मनूने दोन कांस्यपदकं घेतली, तेव्हा ती रेघ खोडरबराने पुसायचा प्रयत्न झाला. रेघ पेनची होती. त्या जागी आता वहीला भोक आहे.

पॅरिसनेच नानांकडून एक खरेदी तडीस नेली. तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, वय एक्कावन्न, साधा चष्मा, साधा टी-शर्ट, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्य. जगाने त्याचे फोटो मिरवले. पिस्तुलाच्या नेमबाजीत मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवतातच, म्हणजे खांदा हलत नाही. पण नानांना तो साक्षात्कार वाटला. आठवड्याभरात त्यांनी डावा खिसा खोल असलेली पँट शिंप्याकडून शिवून घेतली. पिस्तुलाच्या साहित्यापैकी नानांकडे आज तेवढी एक वस्तू आहे.

नाही, आणखी एक आहे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर निदान ५०० ग्रॅम वजन पेलला पाहिजे असा नियम आहे. स्पर्धेआधी पंच ट्रिगरला वजन टांगून बघतात. नानांनी वाण्याकडून अर्ध्या किलोचं जुनं माप आणलं, त्याला सुतळी बांधली, आणि आता रेंजवरच्या कुणाचंही रिकामं पिस्तूल तपासायला ते तयार असतात. पिस्तूल किती मोठं असावं याचीही चौकट ठरलेली आहे, ४२० बाय २०० बाय ५० मिलीमीटर. पहिला आकडा वाचून नाना थोडे नाराज झाले. आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथे तरी ४२१ करायला हवं होतं, असं त्यांचं मत आहे.

खरी मजा हाताची. हंगेरीचा कारोय तकाच हा लष्करातला नेमबाज. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो गुपचूप डाव्या हाताने शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेऊन आला. ही हकिगत ऐकून लोकांना स्फूर्ती येते. नानांना शंका आली. आपण उजवे कशावरून? चौकशीत निघालं, की नाना उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे आहेत. हे खरोखर असतं आणि पिस्तूल निवडताना पुष्कळ जण ते विसरतात. दोन्ही तळव्यांनी त्रिकोणी फट करायची, तीतून समोरच्या घड्याळाकडे बघायचं आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो तुमचा मुख्य डोळा. झालं! उजव्या हाताची ग्रिप घ्यावी की डाव्या, हे खातं नव्याने उघडलं. तेव्हापासून रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो लाइटचं बिल द्यायला आलेला असो, नाना आधी त्रिकोण करायला लावतात.

त्यात चष्मा. पिस्तुलात नजर टार्गेटवर ठेवायची नसते. पुढची साईट लख्ख दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना दिसावंच. साठीनंतरच्या डोळ्यांना नेमकं हातभर अंतरच जड जातं, आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून ती जागा पकडायला मान घोड्यासारखी उचलावी लागते. उपाय सोपा आहे : लांबच्या नंबरात किंचित अधिक घालून एकाच नंबरची काच करून घ्यायची. नाना ती करणार आहेत. पण डोळ्याची काच पिस्तूल हातात आल्यावरच करावी, आणि पिस्तूल डोळा ठरल्यावर घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. इथे वही बंद होते.

‘तोवर क्लबच्या पिस्तुलाने मारा की चार छर्रे,’ असं मी एकदा म्हणालो. नाना दुखावले. ‘दुसऱ्याच्या ग्रिपवर हाताला वाईट वळण लागतं.’ त्याऐवजी ते घरी तयारी करतात. एअर पिस्तूल किलोभराच्या आसपास असतं, म्हणून रोज सकाळी गॅलरीत उभं राहून, डावा हात खोल खिशात, उजव्या हातात लिटरभर दुधाची पिशवी सरळ समोर धरायची. मिनिटाभरात खांदा बोलू लागतो, आणि स्पर्धेत असे साठ छर्रे सव्वा तासात मारायचे असतात. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी एकदा ‘दूध नको आहे हो, आमच्याकडे येतं!’ असं ओरडून कळवलं.

एवढं सगळं वाचून नानांना कुणी हसलं तर मला राग येतो, कारण दुसऱ्यांची कर्जं त्यांनी चोख मंजूर केली आहेत. परवाच एक गृहस्थ बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. हातात महागड्या पिस्तुलाचा कॅटलॉग, डोळ्यांत ऑलिंपिक.

‘काका, हेच घेतो. सगळ्यात भारी आहे म्हणे.’

नानांनी कॅटलॉग मिटला. मुलीचा पंजा आपल्या पंजावर ठेवून पाहिला. ‘साहेब, हिचा हात अजून वाढतोय. आज बसलेली ग्रिप वर्षभरात हिला चावेल. आधी सहा महिने क्लबचं वापरू दे.’ मग कपाटातलं क्लबचं पिस्तूल काढलं, सेफ्टी फ्लॅग लावलेलं, नळी टार्गेटकडे करून लेनवर ठेवलं. ‘बाळ, धर. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी वर, अगदी वर. तर्जनी लाकडाला लागायची नाही, तिने मोकळं राहायचं. आता डोळे मीट. हात उचल. थांब. उघड डोळे. काय दिसतंय?’

‘मागच्या खाचेत पुढचा दांडा. पण डावीकडे जास्त उजेड आहे.’

‘शाबास. म्हणजे ग्रिप तुझा हात उजवीकडे ढकलतेय. दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला, की ती ग्रिप तुझी. हा उजेड कॅटलॉगात छापत नाहीत.’ लाकडाच्या ग्रिपवर त्यांनी पेन्सिलीने खूण केली, तिथे सँडपेपर, इथे पुटी. मग वडिलांकडे वळून, ‘सेकंडहँड घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी बघा. दहा वर्षांची मुदत असते. पिस्तूल झकास दिसतं आणि सिलिंडर बाद निघतं.’

पलीकडच्या लेनवरच्या पोराने तेवढ्यात दहा मारला. दहाचं वर्तुळ ११.५ मिलीमीटर, शर्टाच्या बटणाएवढं. नानांनी न बघता ‘ट्रिगर ओढलास, दाबला नाहीस’ असं सांगितलं आणि पुढचा छर्रा सातला गेला.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं, की एवढं कळतं तर घेत का नाही? त्यांनी मला इतिहासात नेलं. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ ची. तिच्या स्थापनेत पुढाकार दादासाहेब मावळंकरांचा, म्हणजे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेल्यांचा, आणि आजही त्यांच्या नावाची स्पर्धा भरते. ‘बघ,’ नाना म्हणाले, ‘आपल्या खेळाचा पाया घालणारा माणूस सभागृह चालवणारा होता. साधकबाधक चर्चा झाल्याशिवाय मतदान नाही.’

तेव्हा तुम्हाला पिस्तूल घ्यायचं असेल तर कॅटलॉग चाळत बसू नका, सरळ नानांकडे या. शनिवारी संध्याकाळी ते हमखास असतात. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत आणि आजवर त्यांचा सल्ला चुकलेला मी पाहिलेला नाही. फक्त येताना कागदपत्रं पुरी आणा : आधार कार्ड, चष्म्याचा नंबर आणि दोन्ही हात.