कादंबरीला किती गुण?

मराठी लेखक एक तर प्राध्यापक असतो, नाहीतर बँकेत असतो. घरच्यांनी बजावलेलं असतं, आधी नोकरी बघ, मग काय ते लिही. त्यामुळे लेखकानं मास्तरकी करावी का, यावर आपल्याकडे परिसंवाद होत नाहीत. करतोच तो.

गंमत वेगळीच आहे. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत. जी. ए. धारवाडला इंग्रजी. रंगनाथ पठारे संगमनेरला भौतिकशास्त्र, आणि श्याम मनोहरही भौतिकशास्त्रच. म्हणजे सकाळी मागणी-पुरवठ्याचा आलेख काढायचा आणि संध्याकाळी नवकथा लिहायची. दिवसा प्रकाशाचं अपवर्तन, रात्री माणसाचं. कथा कशी लिहावी हे सोडून आपल्या कथाकारांनी वर्गात सगळं शिकवलं. फडक्यांना फारच राहवलं नाही म्हणून त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहिलं, पण तेही नोकरीच्या बाहेर, स्वतःच्या हौसेनं.

माझं मत विचाराल तर यात आपलं भलंच झालं. विद्यार्थी अपवर्तनात नापास झाला तर लेखकाच्या कथेला धक्का लागत नाही.

अमेरिकेनं मात्र लेखकाला त्याच्याच धंद्यात नोकरीला लावलं. 1936 मध्ये आयोवा विद्यापीठात, मक्याच्या शेतांच्या ऐन मधोमध, कथा-कविता लिहिण्याची पदव्युत्तर कार्यशाळा सुरू झाली. 1965 मध्ये तिथं कर्ट व्होनेगट शिकवायला आला. खिसा रिकामा, जुनी पुस्तकं बाजारातून गायब, पदरी सहा मुलं. त्यातली तीन वारलेल्या बहिणीची. दोन वर्षं पगार मिळाला, वर्गात जॉन आयर्विंगसारखा पोरगा मिळाला आणि मुख्य म्हणजे ड्रेस्डेनच्या बॉम्बवर्षावावरची कादंबरी हलायला लागली. 1969 मध्ये ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ आली. विद्यापीठाच्या बाजूनं एवढा एक साक्षीदार पुरे.

विरुद्ध बाजूचे साक्षीदार दोन आहेत आणि दोघेही झिंगलेले. 1973 च्या हिवाळ्याआधीच्या सत्रात त्याच आयोवात जॉन चीव्हर आणि रेमंड कार्व्हर एकदमच शिकवायला होते. पुढे कार्व्हरनंच सांगितलं की आम्ही दोघांनी प्यायल्याखेरीज काही केलं नाही, टाइपरायटरचं झाकणसुद्धा उघडलं नाही. सकाळी दारूचं दुकान उघडायच्या वेळेला गाडी दारात हजर. वरताण म्हणजे हा कार्व्हर त्याच सत्रात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझलाही शिकवत होता. दोन नोकऱ्या, मध्ये अर्धा देश, विमानानं ये-जा.

आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या मास्तरांना हे ऐकून हसू येईल. तेही दोन कॉलेजं करतात, फक्त एसटीनं. सकाळी तालुक्याला, दुपारी जिल्ह्याला, आणि कथासंग्रहाचं हस्तलिखित डब्याच्या पिशवीत. कार्व्हरसारखं पिणं परवडत नाही, म्हणून चहा.

तर आता आपल्या विद्यापीठांनाही जाग आली आहे. ‘सर्जनशील लेखन’ अशी अभ्यासपत्रिका ठिकठिकाणी दिसू लागली. वा! पण शिकवणाऱ्या लेखकाची बढती कशावर होते, तेही बघून घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत गुणांचा तक्ता आहे. भाषांच्या प्राध्यापकाला एका शोधनिबंधाचे 10 गुण. अनुवादित पुस्तकाचे 8. म्हणजे ‘कोसला’वर निबंध लिहा, 10 घ्या. ‘कोसला’ दुसऱ्या भाषेत न्या, 8 घ्या. आणि ‘कोसला’ लिहा? त्यासाठी वेगळा रकानाच नाही. राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10 गुण आहेत खरे, पण कादंबरी हे त्या अर्थानं पुस्तक धरायचं का, हे समितीवर, आणि समितीत शेजारी बसलेल्या रसायनशास्त्रवाल्या सरांच्या मूडवर. ‘कोसला’च्या नायकानं, पांडुरंग सांगवीकरानं हा तक्ता पाहिला असता तर गावाकडे जरा लवकरच परतला असता.

मी उगाच बोलत नाहीये. गेल्या वर्षी मलाही एका कॉलेजनं बोलावलं होतं. ‘कथालेखन कार्यशाळा, एक दिवसीय.’ समई, फुलं, शाल, माझा परिचय (त्यात दोन पुस्तकं माझी नव्हती). साडेअकराला वर्ग हाती आला. म्हटलं, घरातल्या एका भांड्याबद्दल दहा ओळी लिहा, पण आईचा उल्लेख नको. सगळा वर्ग हवालदिल. आईशिवाय भांडं? पहिल्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. ‘सर, हे परीक्षेला कसं येणार? बहुपर्यायी प्रश्न आहेत ना?’ आहेत म्हणे. कथेचे घटक किती, अ चार, ब पाच, क सहा, ड यापैकी नाही. मला विचाराल तर ड.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. तिनं मात्र विचारलं काहीच नाही. कळकलेल्या पातेल्याबद्दल लिहायला लागली. ओळ लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी मागून जाताना वाचलं. पातेलं कल्हईला गेलं होतं आणि कल्हईवाला परत आलाच नव्हता. चौथ्या ओळीवर ती अडकली होती. बरोब्बर तिथंच, जिथं मीही अडकलो असतो. थांबावं, काही सांगावं, असं वाटलं. काय सांगणार होतो, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात समन्वयक मॅडम मोबाइल घेऊन आत आल्या. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकला फोटो लागतात, तेही जिओ टॅगवाले, खाली अक्षांश-रेखांश उमटलेले. ‘सगळ्यांनी इकडे बघा. सर, तुम्ही जरा शिकवताय असे उभे राहा.’ मी उभा राहिलो. मानधनाच्या अर्जाला कॅन्सल्ड चेक जोडून झाला होता, तेव्हा नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

‘तिसरा बाक, वर बघ गं.’ ती बघेना. मॅडम पुन्हा ओरडल्या, शेजारणीनं कोपर मारलं, तेव्हा कुठे तिनं मान वर केली, आणि फोटो निघाला.

अहवालात तोच छापलाय. सगळी मुलं कॅमेऱ्याकडे बघताहेत, मी फळ्याकडे बोट दाखवतोय. फळा कोरा आहे. अक्षांश-रेखांश मात्र स्वच्छ वाचता येतात.