एका लेन्सचा संसार

मंगल कार्यालय आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, दोन्हींना पुरेल अशी एकच झूम लेन्स घेऊ पाहणाऱ्या तमाम बंधुभगिनींचे जाहीर अभिनंदन. २४-७० एफ २.८ की २४-१०५ एफ ४, एवढाच काय तो प्रश्न. दुसरी जास्त लांबचे टिपते आणि साधारणतः खिशालाही हलकी. म्हणजे ती बाद.

पहिलीत दुप्पट उजेड शिरतो. अंतरपाट खाली येतो तेव्हा नेमके दोन मामा आडवे उभे असतात, वर पिवळे दिवे, अक्षतांचा मारा. तिथे तो उजेड लागतोच. कड्यावर मात्र जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळे रेखीव यावे म्हणून लेन्स एफ ८ किंवा ११ वर आवळतात. तेव्हा एफ २.८ चे पैसे विश्रांती घेतात. वजन तेवढे पाठीवर जागे असते.

ही उधळपट्टी टाळण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे प्री-वेडिंग. वधूवरांनाच पाचनईच्या वाटेने पहाटे गडावर चढवावे. मागून शालू, मेकअपची पेटी आणि वराचे धापा टाकणारे मित्र. कड्यापाशी दोघांना उभे करून लेन्स ७० वर न्यावी आणि पैसे मोजलेत म्हणून एफ २.८ वर सताड उघडावी. नथीतला मोती न् मोती स्पष्ट. मागचा अख्खा सह्याद्री लोण्यासारखा मऊ, हिरवा.

अल्बम पाहून मावशींनी विचारले, ‘‘पडदा छान आहे हो. कार्यालयाचाच, की भाड्याने आणला?’’