मी तं काहीच खात नाही!

भिलाईत कुणीही जास्त खात नाही. सेक्टरांतल्या क्वार्टरांपासून नेहरूनगरच्या बंगल्यांपर्यंत कुणालाही विचारा. जो तो दोनच पोळ्या खातो, भात केव्हाच सोडलेला असतो आणि गोड म्हणाल तर प्रसादापुरतं. तरीही पोटं वाढतात. त्याअर्थी दोष दुसऱ्या कुणाचा तरी असणार. हल्ली तो मेटाबॉलिझमच्या नावावर मांडतात. पूर्वी हे खातं थायरॉइडकडे होतं.

खरं तर या गावाला कॅलरी शिकवायची गरजच नव्हती. १९५९ च्या फेब्रुवारीत इथे पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि या पोलाद प्लांटमध्ये टनामागे किती गिगाकॅलरी लागल्या याचा हिशेब ठेवतात. आकडा सहा-साडेसहाच्या घरातला. एक गिगाकॅलरी म्हणजे दहा लाख किलोकॅलरी, आणि जेवणाच्या संदर्भात आपण जिला नुसती कॅलरी म्हणतो, तीही किलोकॅलरीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला २,११० लागतात. म्हणजे टनभर पोलादाच्या खर्चात एका बैठ्या माणसाची आठ वर्षांची जेवणं निघतात. फर्नेसमधून रिटायर झालेल्या आमच्या एका काकाजींनी हे गणित कागदाला हात न लावता सोडवलं. मग त्यांना विचारलं, सकाळी फिरून झाल्यावर सिव्हिक सेंटरला पोहे-जिलबी होते, तिच्या किती?

"ते नाश्त्यात धरत नाहीत, भाऊ. ते फिरण्यात येतं."

काकाजी एकटे नाहीत. "बाराशेच्या आत खातो, तरी वजन हलत नाही" अशी तक्रार असलेल्या मंडळींना न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि १९९२ साली निष्कर्ष छापला. सगळ्यांचा मेटाबॉलिझम ठणठणीत निघाला. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के वाढवून. माणसं खोटारडी नव्हती. तोंडात गेलेलं सगळं लक्षात राहत नाही, इतकंच.

दुसरी सबब वयाची. "चाळिशी उलटली की भट्टी मंदावते." हेही नाही. २०२१ साली 'सायन्स'मध्ये सहा हजारांहून अधिक माणसांची मोजणी आली. वीस ते साठ या वयात, शरीराचा आकार हिशेबात धरला, तर खर्च जवळजवळ जागचा हलत नाही. साठीनंतर तो वर्षाला पाऊण टक्क्याच्या आसपास उतरतो. म्हणजे मेटाबॉलिझमसुद्धा प्लांट चालवणाऱ्या 'सेल' कंपनीच्या नियमाने साठीलाच रिटायर होतो, आणि त्याआधी व्हीआरएस घेत नाही.

शिफ्टवर कुणी नसलं तरी भट्टी जळत राहते. बैठ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग असा पडल्या पडल्याच होतो. त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. वापरला नाही तरी खातो. उरलेल्यात मोठा वाटा कामाचा. पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्याला ३,४७० दिल्या आहेत. बैठ्या माणसापेक्षा १,३६० जास्त. आपल्या घरांत नेमकं काय झालं, तर कोक ओव्हनवर घाम गाळणाऱ्या वडिलांचं ताट वारसाहक्काने कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या मुलाला मिळालं. २०२२ च्या एक मेला श्रमिकांच्या सन्मानार्थ बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला शिळा भात, खायचं आवाहन छत्तीसगडच्या सरकारने केलं, तेव्हा साहेबलोकांनी कांदा-मिरचीसकट फोटो टाकले. बासी झकासच लागते. पण ती खाऊन शेतकरी बांधावर जातो, साहेब एसीत.

आता जिमवाल्यांकडे वळू. "स्नायू कमवा, मग झोपेतही चरबी जळेल," असं ते छातीठोक सांगतात. छाती त्यांना आहेही. पण एक किलो स्नायू बसल्या जागी दिवसाला तेराच्या आसपास किलोकॅलरी जाळतो. चहातल्या एका चमचा साखरेत वीस असतात. म्हणजे घाम गाळून किलोभर स्नायू चढवला तरी त्याने तो चमचासुद्धा फिटत नाही.

मग स्नायू हवेत कशाला? जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर सर्वांत जास्त तेच उचलतात म्हणून. आणि इथे आपण मराठी माणसं जरा कच्ची आहोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा जोडीने फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोघांना काट्यावर उभं केलं असतं, तर काट्याने दोघांनाही पास केलं असतं. त्यामुळे "आमचा बंटी खात्यापित्या घरचा असून कसा सडसडीत" म्हणणाऱ्या वहिनींनी बंटीच्या कमरेला एकदा टेप लावून पाहावी. पुरुषांसाठी आपल्याकडची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात, बायकांसाठी ८०.

हे सगळं ऐकून काकाजी पेटले. लॉगबुक काढलं, तारीखवार आवक-जावक लिहिली. आठवड्याअखेर ताळा जमेना. कागदावर रोज सतराशेची आवक, आणि वजन अर्धा किलो वर. काकाजींनी 'प्रोसेस लॉस' असा शेरा मारला. काकींनी ऑडिट केलं, तेव्हा तीजेच्या फराळाचा, ठेठरी-खुरमीचा डबा निम्मा रिकामा निघाला.

"उभ्याने खाल्लेलं लिहीत नाहीत," काकाजी म्हणाले, "तो ट्रान्झिटमधला माल."

काकींनी डबा माळ्यावर टाकला. आता तिथवर पोचायला स्टुलावर चढावं लागतं, आणि दिवसातून तीन-चारदा चढउतार झाल्याने मांड्यांचे स्नायू चांगले वाढतायत, असं काकाजी सांगतात.