वारा जूनचा, घाई सप्टेंबरची

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर भर जूनमध्ये उभं राहून बघा. छत्री उलटी होते आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. धुक्यात पवनचक्कीची पाती दिसतही नाहीत, पण दर फेरीला सूंऽऽ करत डोक्यावरून काहीतरी गेल्याचं कळतं. इथला खरा वारा पावसाबरोबर येतो. जून, जुलै, ऑगस्ट हीच त्याची सुगी. सप्टेंबर सरता सरता तो पडतो.

आणि आपल्याकडे पवनचक्क्या सुरू करायची धांदल वर्षानुवर्षं कधी उडत आली? सप्टेंबरअखेरीला आणि मार्चअखेरीला. कारण प्राप्तिकराच्या नियमात आहे. आर्थिक वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून मिळणारी वजावट, निम्माच मिळतो. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत यंत्र सुरू झालं की त्या वर्षाचा पूर्ण घसारा पदरात पडतो. त्या सालचा अख्खा पावसाळा हुकला असला तरी करसवलतीत दमडी कमी होत नाही.

रक्कमही लहान नव्हे. ८० टक्के घसाऱ्याच्या काळात ५ कोटींचं यंत्र घेतलं की ४ कोटी नफ्यातून वजा. कर ३० टक्के धरला तर १ कोटी २० लाख त्याच वर्षी वाचले. कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो, असं सीए सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण आज हातात राहिलेल्या पैशाची किंमत कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा. १९९०च्या दशकात तर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा होता. विजेशी काडीचा संबंध नसलेले कारखानदार, सिनेमातले लोकसुद्धा पवनचक्क्यांचे मालक झाले ते यामुळेच.

त्यांच्यावर माझा राग नाही. या सवलतीशिवाय साताऱ्यात वनकुसवडे आणि धुळ्यात ब्राह्मणवेल इतक्या लवकर उभं राहिलं नसतं. माझी तक्रार सवलतीच्या मोजपट्टीबद्दल आहे. ती यंत्राचं बिल बघते, मीटर बघतच नाही.

मीटर बघणारी योजना आपण केली होती. डिसेंबर २००९मध्ये केंद्राने पवनऊर्जेच्या युनिटमागे ५० पैसे द्यायला सुरुवात केली, अट एवढीच की ८० टक्क्यांचा वाढीव घसारा घ्यायचा नाही. वीज काढा, पैसे घ्या. मग २०१२मध्ये ही योजनाही थांबली आणि वाढीव घसाराही गेला. आदल्या वर्षी देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनऊर्जा नव्याने उभी राहिली होती, ती पुढल्या वर्षी १,७०० वर आली. मग २०१३मध्ये युनिटमागची योजना परत, २०१४मध्ये वाढीव घसारा परत, आणि २०१७मध्ये योजना बंद, घसारा निम्म्यावर म्हणजे ४० टक्क्यांवर. अशा धरसोडीत २५ वर्षं चालायच्या यंत्राचा हिशेब कोणी कसा मांडायचा? अमेरिकेने १९९२मध्येच युनिटमागे करसवलत दिली, पहिली १० वर्षं. मुदती वाढवताना त्यांनीही घोळ घातले, पण मोजायचं काय हे त्यांना कळलं होतं.

आता आमच्या गल्लीत या. एका निवृत्त शिक्षिकेने गेल्या वर्षी गच्चीवर ३ किलोवॅटची सौर पॅनेल बसवली. ७८,००० रुपये अनुदान मिळालं, ते वेळेत मिळालं आणि त्याबद्दल सरकारचं मनापासून कौतुक. बाकीचे पैसे पेन्शनच्या साठ्यातून. विवरणपत्र भरताना त्यांनी विचारलं, हा खर्च कुठल्या कलमात बसतो? कुठल्याच नाही. कोपऱ्यावरचा कापडदुकानदार तीच पॅनेल दुकानावर टाकतो तेव्हा त्याला ४० टक्के घसारा मिळतो, कारण तो धंदा आहे. बाईंच्या गच्चीला धंदा नाही. विजेच्या गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला दीड लाखापर्यंत वजावट देताना सरकारला पगारदार माणूस दिसला होता. तीही मार्च २०२३पर्यंतच्या कर्जांपुरती. शिवाय पॅनेलवरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१पासून जवळजवळ चार वर्षं १२ टक्के होता. सप्टेंबर २०२५मध्ये तो ५ वर आला, तोवर बाईंचा जास्तीचा भरून झाला होता.

बाई दर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या फडक्याने पॅनेल पुसतात, खाली येऊन मीटरचं रीडिंग वहीत लिहितात. पावसाळ्यात आकडा घसरला की अस्वस्थ होतात. चाळकेवाडीच्या किती मालकांनी आपली चक्की इतक्या आस्थेने पाहिली असेल?

येत्या अर्थसंकल्पात एवढं करा. सवलत युनिटवर द्या, चक्कीला आणि गच्चीलाही, आणि तिचा दर १० वर्षांसाठी आधीच जाहीर करा. पुराव्याची अडचण येणार नाही. बाईंच्या वहीत पहिल्या दिवसापासूनचे आकडे आहेत, आणि तेच मीटरवरही आहेत.