मणी टॅली झाले का?

रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्या समोरच्या दारातून काकूंचा आवाज येतो, "अहो, मणी टॅली झाले का?" अण्णा उत्तर देत नाहीत. थोड्या वेळाने ताटं मांडल्याचा आवाज आला, तर झाले असं समजायचं. नाही आला, तर कुठेतरी एक मणी कमी आहे आणि आमटी गार होते आहे.

अण्णा एका बँकेत ३६ वर्षं होते, त्यातली शेवटची ११ हेड कॅशिअर. निवृत्त झाल्यावर माणसं टेकडी चढतात, गीतेच्या परीक्षा देतात, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडतात. अण्णा काचेच्या मण्यांचे दागिने करतात. गळ्यातली, कानातली, ब्रेसलेटं, झालंच तर पर्सला लटकवायचे गोंडे. याची सुरुवात नातीमुळे झाली. तिला वाढदिवसाला कुणीतरी मणी ओवायचा संच दिला होता. पहिल्याच दिवशी तो पलंगाखाली सांडला. अण्णांनी मणी वेचले आणि वेचता वेचता खोक्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. १७ कमी! नात दुसऱ्या दिवशी सगळं विसरून सायकलवर बसली. अण्णांनी पलंग सरकवला, मग कपाट, आणि मग सुतार बोलावला.

दागिन्यांची त्यांना आवड आहे असं म्हणवत नाही. काकूंच्या गळ्यात काय आहे, हे लग्नाला ४५ वर्षं होऊनही ते बघितल्याशिवाय सांगू शकणार नाहीत. आवड आहे ती मोजदादीची. बँकेत १०० नोटांचं पाकीट आणि अशा १० पाकिटांचं बंडल. घरीही तसंच. शंभर मणी एका डबीत, दहा डब्या एका खोक्यात, खोक्यावर कागदी पट्टी, पट्टीवर तारीख आणि सही. मोजण्यासाठी पाण्यात भिजवलेला स्पंज जवळ असतोच. "मणी कशाला बोट ओलं करून मोजायला हवेत?" असं मी एकदा विचारलं. "सवय," अण्णा म्हणाले, आणि मग मला दटावलं, "मधे बोलू नकोस, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

आता अकरा नंबरचा मणी म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरचा. एका ग्रॅममध्ये शंभराच्या आसपास बसतात. अण्णांनी पाव किलोचं पाकीट आणलं आणि ते मोजलं. चार दिवस लागले. दूधवाल्याला दोनदा परत जावं लागलं. बारीकपणाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, तक्रार नंबरांबद्दल होती. मण्यांत नंबर वाढतो तसा मणी लहान होतो. आठ मोठा, अकरा लहान, पंधरा त्याहून लहान. "म्हणजे बढती मिळाली की पगार कमी! ही कसली पद्धत?" असं ते कितीतरी दिवस जिन्यात भेटेल त्याला विचारत होते.

माल येतो रविवार पेठेतून. बोहरी आळीत शिरताना अण्णांच्या चालण्यात फरक पडतो, तपासणीला आलेल्या साहेबासारखा. दुकानदार त्यांना पाहून पोऱ्याला आधी खुर्ची आणायला सांगतो, कारण प्रकरण लांबणार असतं. काचेचा म्हणून प्लास्टिकचा मणी खपवला जाऊ नये म्हणून अण्णा तो गालाला लावतात. काच गार लागते, प्लास्टिक लागत नाही. मग दातावर हलकेच आपटून आवाज ऐकतात. शेवटी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहतात. ही तिसरी तपासणी नेमकी कशासाठी, ते दुकानदाराला कळत नाही. मला कळतं. ते वॉटरमार्क शोधतात.

मण्यांच्या जातीही त्यांनी नोटांच्या हिशेबानेच लावल्या आहेत. जपानी मणी, हिरोशिमाच्या मियुकी कंपनीचे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा इतके सारखे. ते म्हणजे कोऱ्या नोटा. चेक देशातल्या याब्लोनेत्सचे मणीही मानाचे, कारण त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. आणि आपल्या हाथरस जिल्ह्यातल्या पुर्दिलनगरचे, आगीच्या ज्योतीवर काचेची कांडी वितळवून, लोखंडी सळईभोवती गुंडाळून केलेले मणी? त्यात एक गोल, दुसरा अंडाकृती, तिसऱ्याला पोट. अण्णा त्यांची 'चालतील' आणि 'चालणार नाहीत' अशी विभागणी करतात. मला विचाराल तर 'चालणार नाहीत'मधलेच सुंदर असतात, त्यांच्यात माणसाचा हात दिसतो. पण तसं बोलून पाहिलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी फाटकी नोट गड्डीच्या मधोमध घालून भरायला आले होते.

मण्यांचं कपाट दोन किल्ल्यांनी उघडतं. बँकेत रोकड कधी एकाच माणसाच्या ताब्यात नसते, तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसं. त्यामुळे अण्णांनी कपाटाला दुसरं कुलूप बसवून घेतलं आणि दुसरी किल्ली काकूंच्या जुडग्यात टाकली. काकू बहिणीकडे नगरला चार दिवस गेल्या, जुडगं कमरेलाच. अण्णा चारही दिवस कपाटासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

हातातलं काम मात्र उत्तम. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००१ साली रिझर्व्ह बँकेने नोटांच्या गड्ड्यांना स्टेपलच्या पिना मारणं बंद करायला लावलं, त्याआधीची कित्येक वर्षं अण्णांची बोटं पिना उपसण्यात गेलेली. धातूची कडी उघडताना ते दोन्ही हातांत दोन पक्कडी धरतात आणि कडीची दोन टोकं बाजूला ओढत नाहीत. एक टोक स्वतःकडे, दुसरं समोर, असं मुरडतात. लटकन अडकवलं की तसंच उलट मुरडून बंद. ओढून फाकवलेली कडी पुन्हा कधी गोल होत नाही, त्या फटीतून लटकन पडतं. ती कडी मिटते तेव्हा 'टिक्' असा अगदी बारीक आवाज येतो. तो आला नाही तर अण्णा ती कडी फेकून देतात. म्हणजे 'बाद' खात्यात जमा करतात.

गाठवणं शिकायला ते काही दिवस पेठेतल्या एका पटवेकऱ्याकडेही बसत होते. पटवेकरी मांडी घालून बसतो, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि ताणलेल्या दोऱ्यावर बघता बघता पोत गाठवून देतो. अण्णांनी घरी तसंच केलं. दोरा अंगठ्यात, डोळ्यावर चष्मा, अर्धी माळ झालेली. फोन वाजला. अण्णा उठले. त्या दिवशी काकूंनी टॅली विचारलंच नाही.

धातूची लटकनं हा त्यांच्या संसारातला वादाचा विषय. दुकानात ती मिश्र पाकिटात मिळतात, त्यामुळे एकाच पाकिटात हत्ती, किल्ली, जहाजाचा नांगर, आयफेल टॉवर आणि घुबड असा सगळा गोतावळा निघतो. खरेदी केलेलं वापरायचंच, हा अण्णांचा नियम. त्यांनी मेहुणीला एकसष्टीनिमित्त गळ्यातलं केलं आणि मधोमध घुबड लावलं. काकूंचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला, "माझ्या बहिणीच्या गळ्यात घुबड?" अण्णा शांतपणे म्हणाले, "लक्ष्मीचं वाहन आहे ते. बँकेच्या माणसाने तरी त्याला नावं ठेवू नयेत." मेहुणीने ते गळ्यातलं अजून घातलेलं नाही, पण परतही केलेलं नाही. अण्णांच्या वहीत त्याची नोंद 'वितरित, प्रतिसाद अप्राप्त' अशी आहे.

लटकनं परदेशी थेरं आहेत असं कुणी म्हटलं की अण्णा कोल्हापुरी साजाचं उदाहरण देतात. मासा, कासव, शंख, कमळ, हे सगळं आपल्या बायका गळ्यात घालतच आल्या. परंपरेप्रमाणे साजात २१ पानं. दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक ताईत. "बेरीज जुळते," अण्णा म्हणतात. साजाचं याहून मोठं कौतुक त्यांच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही. काकूंच्या रुखवतातलं, त्यांच्या आईने ओवलेलं मण्यांचं गाय-वासरू शोकेसमध्ये आहे. अण्णांनी तेही मोजलं आहे, १,९४२ मणी. सासरहून काय काय आलं याचा इतका पक्का आकडा फार थोड्या जावयांकडे असेल.

एकदा सगळे मिळून तुळजापूरला गेले, तेव्हा येताना तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात थांबले. तिथे सातवाहन काळातले मणी आहेत. बाकीचे सगळे संग्रहालय पाहून, चहा पिऊन, गाडीत येऊन बसले. अण्णा त्याच काचेपाशी ओठ हलवत उभे. नात त्यांना बोलवायला गेली, तर त्यांनी एक बोट वर केलं, 'थांब' म्हणून.

विकण्याचा प्रयत्न एकदाच झाला. सोसायटीच्या दिवाळीच्या प्रदर्शनात अण्णांनी टेबल लावलं. दोरा, मणी, कड्या आणि मजुरी धरून प्रत्येक दागिन्याची किंमत पैशापर्यंत काढलेली. एका बाईंना ब्रेसलेट आवडलं, २३७ रुपये ५० पैसे. त्यांनी २४० पुढे केले आणि "राहू द्या" म्हणाल्या. अण्णांना 'राहू द्या' हा शब्दच सहन होत नाही. २५ पैसे २०११ मध्ये चलनातून गेले, पण ५० पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, हे त्यांनी त्या बाईंना सांगितलं आणि नाण्यांचा डबा काढून अडीच रुपये मोजून दिले. मग पावती. मागे आठ बायकांची रांग झाली होती. ती हळूहळू शेजारच्या चकलीच्या टेबलाकडे सरकली. एक ते दोन या वेळात अण्णांनी टेबलावर 'भोजनाची सुट्टी' अशी पाटी ठेवली होती.

माझ्या वाट्याला आली ती निळी माळ. चार मिलिमीटरचे ९६ मणी आणि मधे एक धातूचा मोर. पुतण्याच्या मुंजीला मी ती घालून गेले. शेजारी म्हणून अण्णा-काकूही होते. पंगत बसली, मठ्ठा वाढला, आणि दोरा तुटला.

मणी टाइल्सवर पडल्याचा आवाज सगळ्यांनीच ऐकला, पण उठले फक्त अण्णा. "कुणीही पाय हलवायचा नाही!" हा आवाज आमच्यापैकी कुणी पूर्वी ऐकला नव्हता. जिलबी वाढणारा पोरगा ताट धरून एका पायावर थांबला. गुरुजी थांबले. चकोट केलेला बटूही घास तोंडात धरून बसला. अण्णांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पंगतीतून गुडघ्यांवर फिरले. एक मणी मठ्ठ्याच्या वाटीत सापडला, तो रुमालाने पुसून घेतला. मोर मिळाला. मणी निघाले ९५. पंगत पुन्हा सुरू व्हायला पंचवीस मिनिटं लागली आणि जिलब्या मऊ पडल्या.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. दोरा कुजका नव्हता. स्वस्तातल्या मण्यांच्या भोकांच्या कडा धारदार राहिलेल्या होत्या आणि मान हलेल तसा त्या दोऱ्याला कापत राहिल्या. अण्णांनी दोष स्वतःवर घेतला. माळ नव्याने, या वेळी बारीक तारेत ओवली. आणि कमी पडलेली रक्कम कॅशिअरने खिशातून भरायची असते, म्हणून स्वतः रविवार पेठेत गेले. सुटा मणी कुणी देईना. त्यांनी अख्खी लड विकत घेतली, तिच्यातला एक माझ्या माळेत घातला, उरलेल्यांना वहीत वेगळं पान दिलं. ९६ पूर्ण. खातं बंद. खाली लाल शाईने दुहेरी रेघ.

मागच्या महिन्यात मुंजीतली ती पैठणी इस्त्रीला दिली होती. इस्त्रीवाल्याने फॉलकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, इथे काय टोचतंय?" फॉलची शिवण बोटभर उसवली होती, आणि आत निळा मणी.

अण्णांना नेऊन द्यावा असं मनात आलं. दारापर्यंत गेलेही. पण कॅश कमी निघणं ही चूक आणि जास्त निघणं हा गुन्हा, हे मला अण्णांनीच शिकवलंय. मिटलेलं खातं पुन्हा उघडायचं म्हणजे कपाटाच्या दोन किल्ल्या, नवी वही आणि निदान आठवडाभर काकूंची गार आमटी. तो मणी सध्या माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे. समोरच्या दारी कृपया बोलू नका.